म्हातारपण कुणाच्या पदरात

स्कूटरची बॅटरी बदलायची, एवढंच काम होतं. 2020 साली घेतलेली साधी, कमी वेगाची इलेक्ट्रिक स्कूटर. नवी असताना एका चार्जमध्ये 60 किलोमीटर जायची; पाचव्या वर्षी 33वर आली. त्यातही रिचमंड सर्कलचा फ्लायओव्हर चढताना आकडा एकदम कोसळायचा. खाली 40 टक्के दिसायचे, वर पोचेपर्यंत 12. जयनगरहून फ्रेझर टाउनला जाऊन परत येणं बेभरवशाचं झालं होतं. सर्व्हिस सेंटरने नव्या बॅटरीचे 34,000 रुपये सांगितले. जुनी परत दिली तर 4,000 कमी. मी हो म्हणून घरी आलो आणि पैशांची जुळवाजुळव करू लागलो.

खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी आमच्या फाटकाशी उभा राहिला. मागच्या गल्लीत एका खोलीत चार मुलं राहतात. त्यांतला एक बिदर जिल्ह्यातल्या भालकीचा. घरोघरी जेवण पोचवण्याचं काम करतो. पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा मी फोनवर मराठीत बोलत होतो. त्या दिवसापासून मी त्याचा काका झालो. त्याच्याकडे माझ्याच मॉडेलची स्कूटर आहे, दोन मालकांच्या हातून आलेली.

"काका, तुमची जुनी बॅटरी मलाच द्या ना," तो म्हणाला. "आठ हजार देतो मी. कंपनी तर चारच देऊ लागलीय."

मी म्हटलं, "अरे, ती उतरलीय. 33च्या वर जात नाही."

"माझी 18 जाते. मला 33 म्हणजे लई झालं."

या एका वाक्याने माझी पंचाईत केली. मी ज्या वस्तूला निकामी म्हणत होतो ती त्याच्या दृष्टीने जवळजवळ दुप्पट चांगली होती. तेव्हापासून मी विचार करतोय की निकामी हा शब्द नेमका कशाला लागतो. वस्तूला, की वस्तू आणि तिचा मालक यांच्यातल्या नात्याला?

लिथियम-आयन बॅटरी एका दिवसात मरत नाही. प्रत्येक वेळी ती भरताना आणि रिकामी होताना आतलं थोडं लिथियम इलेक्ट्रोडवरच्या थरात अडकून पडतं आणि परत कामाला येत नाही. उन्हात, उकाड्यात हे जास्त वेगाने होतं. मूळ क्षमतेच्या 70 ते 80 टक्क्यांवर बॅटरी आली की गाडीच्या कामातून ती निवृत्त समजावी असा उद्योगातला साधारण दंडक आहे. पण त्या आकड्यापाशी रसायनात काही विशेष घडत नाही. 81 टक्क्यांची बॅटरी जिवंत आणि 79ची मेलेली, असं नसतं. आकडा ठरतो तो वापरणाऱ्याच्या अपेक्षेवरून. मोठ्या, जड मोटारीला न पुरणारी बॅटरी हलक्या तीनचाकीला आरामात पुरते. बर्लिन आणि बंगळूर अशा दोन्ही ठिकाणी काम करणाऱ्या नुनाम या संस्थेने 2022 साली नेमकं हेच करून दाखवलं. ऑडी कंपनीच्या चाचणीसाठी वापरलेल्या इलेक्ट्रिक मोटारींतल्या बॅटऱ्या घेऊन त्यांनी तीन रिक्षा तयार केल्या. एकाची निवृत्ती ती दुसऱ्याची नोकरी, असं हे गणित आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. आपल्या घरांतून तर पिढ्यान् पिढ्या मोठ्याचे कपडे धाकट्याला आणि धाकट्याचे आणखी कुणाला जात आले आहेत.

मग द्यायला हरकत काय होती?

हरकत ही की शर्ट पेटत नाही. 2022च्या मार्चमध्ये वेल्लोरला घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरला आग लागली आणि धुरात गुदमरून बाप-लेक गेले. त्याच वर्षी वसईत स्कूटरची बॅटरी काढून घरात चार्जिंगला लावली होती. तिचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला. त्या वर्षीच्या अशा आगींनंतर सरकारने बॅटऱ्यांच्या सुरक्षेचे निकष कडक केले आणि 2022च्या डिसेंबरपासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. माझी बॅटरी त्याआधीची. आणि ती जिथे जाणार होती ती खोली साधारण दहा बाय दहाची, एका दाराची, चार जणांच्या अंथरुणांची. चार्जिंग रात्री, उशाशी.

हे मी त्याला सांगितलं. तो हसला. "काका, मी रोज रात्री 12 वाजता आउटर रिंग रोडवर ट्रकच्या मधून जातो. तिथं काय होत नाही?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या रोजच्या दिवसात बॅटरीपेक्षा मोठे धोके आहेत आणि त्यांतले काही मी स्वतः त्याच्यावर घातलेले आहेत. पाऊस कोसळत असताना जेवण मागवताना रस्ता ओला असेल हे मला माहीत असतं. तेव्हा मी त्याच्या जिवाची काळजी करत नाही, फार तर दहा-वीस रुपये जास्त देतो. मग नेमकी बॅटरी विकायच्या वेळी मला त्याची काळजी कुठून सुचली? तो सज्ञान आहे, कमावता आहे, हिशेब माझ्यापेक्षा पक्का आहे. त्याने धोका समजून घेतला आणि तरी हवी म्हणाला, तर नाही म्हणणारा मी कोण? गरिबाला त्याच्या भल्यासाठी नाही म्हणण्याची आपल्या वर्गाला जुनी सवय आहे. त्या नाहीची किंमत दर वेळी त्यालाच मोजावी लागते.

भाड्याची बॅटरी का नाही घेत, असंही मी विचारलं. ही सोय बंगळुरात आता ठिकठिकाणी आहे. रिकामी बॅटरी ठेवायची, भरलेली घ्यायची, दोन मिनिटांत पुढे जायचं. 2020च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने बॅटरीशिवाय गाडी विकायला आणि नोंदवायला परवानगी दिली, म्हणजे गाडीचा देह आणि तिची ताकद या दोन वेगळ्या वस्तू झाल्या. अशा व्यवस्थेत बॅटरीचं म्हातारपण कुणा एकाच्या वाट्याला येत नाही. ते हजारो जणांत थोडं थोडं वाटलं जातं आणि शेवटी कंपनीकडे जमा होतं. मला ही कल्पना फार न्याय्य वाटते. पण तो आधी दीड वर्ष आठवड्याच्या भाड्याची गाडी चालवून बसलेला होता. "भाडं कधी संपत नाही काका," तो म्हणाला. "आजारी पडून चार दिवस झोपलो तरी चालूच. ही जुनी आहे, पण माझी आहे." आपली म्हणावी अशी वस्तू असण्याला किंमत असते, हे घर घेण्यासाठी 20 वर्षं हप्ते भरलेल्या माणसाने त्याला काय शिकवायचं?

त्या आठवड्यात मला सारखा ययाती आठवत होता. मराठी वाचकाला तो खांडेकरांच्या 1959च्या कादंबरीतून माहीत आहे, कन्नड वाचकाला 1961 साली आलेल्या गिरीश कार्नाडांच्या नाटकातून. दोन्ही भाषांनी जवळजवळ एकाच वेळी हा राजा उचलला. शापाने आलेलं म्हातारपण ययातीला नको असतं. उःशाप मिळतो तो विचित्र: जरा नाहीशी होणार नाही, पण कुणी घ्यायला तयार असेल तर त्याला देता येईल. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू नकार देतात. धाकटा पुरू हो म्हणतो.

मोहासाठी आपण ही गोष्ट वाचतो. मला या वेळी त्यातला हिशेब दिसला. तारुण्य नव्याने तयार होत नाही आणि म्हातारपण संपत नाही. ते फक्त एका देहातून दुसऱ्या देहात जातं. माझी स्कूटर 34,000 रुपयांत पुन्हा तरुण होणार होती. तिचं म्हातारपण कुठेतरी जाणारच होतं. ते भालकीच्या मुलाने मागून घेतलं, तरी ते माझंच होतं.

पुरूची संमती होती, हे ययातीच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं. कार्नाडांनी नाटकात पुरूला एक बायको दिली, चित्रलेखा. महाभारतात ती नाही. नवरा एका रात्रीत म्हातारा होऊन समोर येतो. त्याने संमती दिली, हिला कुणी विचारलं नाही. ती विष घेते. चित्रलेखेमुळे माझ्या प्रश्नाची एक गाठ सुटली. मी संमतीचा विचार फक्त त्या मुलापुरता करत होतो. पण त्या खोलीत आणखी तिघं झोपतात. वरच्या मजल्यावर घरमालकाची म्हातारी आई आहे. स्वतःच्या जिवाचा धोका पत्करायचा हक्क त्याला आहे, हे मान्य. ट्रकच्या मधून जाताना तो मुख्यतः स्वतःचा जीव पणाला लावतो. पण एका दाराच्या खोलीत रात्री बॅटरी लावताना तो इतरांचाही जीव लावतो, आणि त्या व्यवहारात मी भागीदार असतो.

मात्र एवढ्यावरून नकार देणं मला पटेना, कारण बॅटरी खरोखर धोक्याची आहे का हे मी पाहिलंच नव्हतं. नुसत्या भीतीने नाही म्हणणं आणि नुसत्या पैशाने हो म्हणणं, दोन्ही आळसच. म्हणून ती अकरा किलोची पेटी मी एस. पी. रोडवरच्या एका कारागिराकडे नेली. या रस्त्यावर रेडिओच्या सुट्या भागांपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं मिळतं आणि सगळं दुरुस्त होतं.

त्याने झाकण उघडलं. आत बोटाएवढे एकशे साठ सेल, दहा-दहाचे सोळा गट, एकापुढे एक जोडलेले. साखळीतून वाहणारा प्रवाह सगळ्या गटांना सारखाच असतो. म्हणून ज्या गटाची क्षमता कमी तो आधी भरतो आणि आधी रिकामा होतो. तो तळाला गेला की पॅकमधलं सर्किट सगळा पुरवठा तोडतं, बाकीच्या पंधरांत कितीही शिल्लक असलं तरी. फ्लायओव्हरवर माझी स्कूटर थांबायची ती यामुळे. म्हणजे माझी बॅटरी सगळी म्हातारी झालेली नव्हती; तिच्यातले काही सेल झाले होते. त्याने ती पूर्ण भरून चार दिवस तशीच ठेवली. पंधरा गट जागेवर राहिले. एक गट न वापरताच खाली घसरला.

"हा आतून गळतोय," तो म्हणाला. तेवढा गट 3,000 रुपयांत बदलून देता येईल, पण जुन्यांच्या रांगेत नवे घातले की जोडी बसत नाही. सहा महिन्यांनी दुसरा गट कुरकुरेल. काही ठिकाणी कटकट नको म्हणून आतलं सर्किटच वगळून देतात, मग गाडी थांबत नाही, असंही त्याने सांगितलं. तो स्वतः तसं करत नव्हता. गळका गट भरत राहिला तर आत उष्णता वाढते, आणि अडवणारं सर्किट नसेल तर पुढचं सांगायला नको. "घरात लावू नका," एवढं त्याने दोनदा म्हटलं.

मी मुलाला सगळं सांगितलं आणि नाही म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पाच वर्षं तुमच्या घरात चार्ज झाली की ती. माझ्याकडं आल्यावरच पेटणार का?"

खरं होतं. गेले कित्येक महिने तो गळका गट आमच्या स्वयंपाकघराच्या बोळात रात्रभर चार्ज होत होता, दोन भिंतींपलीकडे आम्ही झोपलेले. फरक एवढाच की तेव्हा मला माहीत नव्हतं आणि आता माहीत होतं. माहीत नसताना घेतलेला धोका आणि माहीत असून दिलेला धोका यांत आगीच्या दृष्टीने काही अंतर नाही. माणसाच्या दृष्टीने सगळं अंतर तेच आहे. हे मी त्याला नीट समजावू शकलो नाही. "तुमची मर्जी," म्हणून तो गेला.

बॅटरी मी कंपनीला दिली. 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे बॅटरी बाजारात आणणाऱ्यावर ती परत गोळा करून पुनर्वापराला किंवा पुनर्चक्रणाला पाठवण्याची जबाबदारी आहे. पुरून किंवा जाळून टाकायला बंदी आहे. ययातीनेही शेवटी हजार वर्षांनी पुरूचं तारुण्य परत करून आपलं म्हातारपण मागून घेतलं होतं. गोष्टीचा हा शेवट आपण फारसा सांगत नाही. मला वाटलं, माझ्यापुरतं प्रकरण नीट संपलं. 4,000 रुपयांचा तोटा सोसून मी योग्य तेच केलं होतं.

तीन आठवड्यांनी तो मुलगा दिसला. स्कूटर जोरात पळत होती. शिवाजीनगरच्या जुन्या बाजारातून त्याने 9,000 रुपयांना एक बॅटरी आणली होती. कुणाच्या गाडीतली, किती जुनी, कधी उघडलेली, काही माहीत नाही. चार्जिंग त्याच खोलीत, रात्री.

तेव्हा लक्षात आलं की माझ्या नकाराने त्याचा धोका तसूभर कमी झाला नव्हता, कदाचित वाढलाच होता. कमी झालं होतं ते माझं ओझं. काही अघटित झालंच तर ते माझ्या बॅटरीने होणार नाही, एवढीच माझ्या नीतीची कमाई. नकार चुकीचा होता असं मला अजूनही वाटत नाही. पण नकाराबरोबर काम संपलं असं मी मानलं, तिथे चुकलो. दुसऱ्याच्या सुरक्षिततेसाठी आपण त्याला काही नाकारतो, तेव्हा त्या नकाराचा थोडा खर्च आपल्याही अंगाला लागायला हवा. नाहीतर ती काळजी आपल्या अब्रूचीच असते.

मी त्याला म्हटलं, रविवारी ही पेटी एस. पी. रोडला नेऊ, तपासून तरी घेऊ. तो तयार झाला, बहुधा माझ्या समाधानासाठी. निघालं असं की गट बऱ्यापैकी सारखे होते, सर्किट शाबूत होतं, एक जोड सैल होता. तो डागून घेतला. कारागिराचं सांगणं तेच: घरात लावू नका.

मग मी आमच्या इमारतीत विचारलं. सहा बिऱ्हाडं. फाटकाजवळ कुंपणाच्या भिंतीला, जिन्यापासून दूर, पत्र्याखाली एक प्लग काढायचा; वेगळा मीटर लावू, बिल तो भरेल. चित्रलेखेची गोष्ट डोक्यात होती, म्हणून सगळ्यांना विचारून करायचं ठरवलं होतं. तिघं लगेच हो म्हणाले. एक गृहस्थ म्हणाले, "आपल्या इमारतीत ही आगीची भानगड कशाला? त्याला त्याच्या खोलीत करू दे की."

बोलताना त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही त्यांच्यावर रागवायचा अधिकार नव्हता. तीन आठवडे मीही तेच तर केलं होतं, फक्त तोंडाने म्हटलं नव्हतं. उघड्यावर, फाटकाशी, आपल्या भिंतीला जे आपल्याला धोक्याचं वाटतं, ते चार मुलांच्या उशाशी आपल्याला चालतं. मी एवढंच म्हटलं की माझी नवी बॅटरीही मी यापुढे तिथेच लावणार आहे. तेव्हा त्यांनी वाळूची एक बादली तिथे ठेवा असं सुचवलं. ठेवली.

आता संध्याकाळी त्या पत्र्याखाली दोन पेट्या शेजारी शेजारी असतात, माझी नवी आणि त्याची जुनी. त्याचं बिल महिन्याला साधारण 350 रुपये येतं आणि तो ते न मागता देतो. त्याच्या गाडीचे 30-32 किलोमीटर होतात. माझी पुन्हा 60 जाते, रिचमंड सर्कलला थांबत नाही. आणखी पाचेक वर्षांनी तिचाही एखादा गट थकेल आणि हाच प्रश्न परत येईल. त्याने नंबर आत्ताच लावून ठेवला आहे.

"काका, ही उतरली की पहिलं मला विचारा."

"पहिलं तपासून घेऊ," मी म्हणालो.

"घेऊ की," तो म्हणाला, आणि पुढच्या ऑर्डरला निघून गेला.